हॅलाइड पेरोव्स्काइटमधील आयनांची हालचाल आणि उपकरणांचे स्थैर्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेरोव्स्काइट सौरघटांची कार्यक्षमता वाढल्याच्या बातम्या सतत येतात आणि प्रत्येक बातमीनंतर विद्यार्थी, अभियंते आणि घरावर पॅनल बसवण्याच्या विचारात असलेले वाचक जवळपास तेच प्रश्न विचारतात. हे घट टिकतात का? टिकत नसतील तर का टिकत नाहीत? या प्रश्नांची उत्तरे शोधत गेले की वाट बहुतेक वेळा एकाच ठिकाणी येऊन थांबते: या पदार्थाच्या आत आयन, म्हणजे विद्युत प्रभार असलेले अणू किंवा रेणू, हलत असतात. म्हणून पुढील उत्तरांत आयनांची हालचाल मध्यभागी ठेवली आहे आणि ओलावा, उष्णता, प्रकाश, सावली हे बाकीचे विषय तिच्या अनुषंगाने घेतले आहेत.

हॅलाइड पेरोव्स्काइट म्हणजे नेमके काय?

१८३९ मध्ये गुस्टाव्ह रोझ यांनी उरल पर्वतातील एका खनिजाचे वर्णन केले आणि लेव्ह पेरोव्स्की या रशियन खनिजसंग्राहकाच्या नावावरून त्याला पेरोव्स्काइट हे नाव दिले. ते खनिज कॅल्शियम टायटेनेट होते. आज मात्र हे नाव एका विशिष्ट स्फटिकरचनेला दिले जाते. हॅलाइड पेरोव्स्काइटमध्ये सहसा शिशाचा एक आयन मध्यभागी, त्याच्याभोवती सहा हॅलाइड आयन, अशा अष्टफलकांची कोपऱ्याला कोपरा जोडून झालेली त्रिमितीय जाळी आणि त्या जाळीच्या पोकळ्यांत बसलेले मोठे धन आयन, अशी ही रचना आहे. पोकळीत मिथाइल अमोनियम, फॉर्मामिडिनियम किंवा सीझियम असतो आणि हॅलाइड म्हणून आयोडाइड, ब्रोमाइड किंवा क्लोराइड असतो.

मिथाइल अमोनियमयुक्त शिशाचे हॅलाइड डीटर वेबर यांनी १९७८ मध्येच तयार केले होते. सौरघटात त्याचा वापर २००९ मध्ये जपानमध्ये त्सुतोमु मियासाका यांच्या गटाने केला. त्या घटाची कार्यक्षमता ३.८ टक्के होती आणि आतील द्रव विद्युत्‌विच्छेद्यात पेरोव्स्काइट विरघळत असल्याने तो फार काळ टिकतही नव्हता. २०१२ मध्ये द्रवाच्या जागी घन थर आले आणि कार्यक्षमता दहा टक्क्यांच्या आसपास पोहोचली. आज एकट्या पेरोव्स्काइटच्या छोट्या घटांनी २६ टक्क्यांचा, तर सिलिकॉनवर पेरोव्स्काइट बसवलेल्या जोडघटांनी ३४ टक्क्यांचा टप्पा ओलांडला आहे. सिलिकॉनच्या एकट्या घटाची सैद्धांतिक मर्यादा सुमारे २९.४ टक्के आहे, हे लक्षात घेतले की या पदार्थामागे जगभरच्या प्रयोगशाळा का लागल्या आहेत ते कळते.

घन पदार्थात आयन हलतात कसे?

स्फटिक म्हटला की प्रत्येक अणू आपापल्या जागी घट्ट बसलेला आहे, असे चित्र डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात प्रत्येक स्फटिकात काही जागा रिकाम्या असतात. पंगतीत मधलाच एक पाट रिकामा झाला आणि शेजारचा माणूस त्यावर सरकला, तर रिकामा पाट एक जागा मागे जातो. मग त्यावर पुढचा सरकतो. माणसे एकेक पाट सरकतात, पण रिकामी जागा मात्र पंगतभर फिरते. पेरोव्स्काइटमध्ये आयोडाइड आयन असेच शेजारच्या रिक्त जागेत उडी घेतात आणि ती रिक्त जागा धन प्रभाराच्या कणासारखी उलट दिशेने प्रवास करते.

हे बहुतेक सर्व आयनिक स्फटिकांत थोडेफार घडते. हॅलाइड पेरोव्स्काइटचे वेगळेपण असे की येथे रिक्त जागा पुष्कळ आहेत आणि उडी घेण्यासाठी लागणारी ऊर्जा कमी आहे. मिथाइल अमोनियम लेड आयोडाइडमध्ये सामान्य तापमानालाही समतोल अवस्थेत सुमारे ०.४ टक्के जागा रिक्त असाव्यात, असे एक सैद्धांतिक गणित सांगते. शिवाय हा पदार्थ मऊ आहे. तो दाबाला सिलिकॉनच्या तुलनेत कितीतरी सहज दबतो, म्हणजे आयनाला वाट करून देण्यासाठी जाळी सहज वाकते. द्रावणातून, शंभर-दीडशे अंशांवर, काही मिनिटांत चांगला स्फटिक तयार होतो तो याच मऊपणामुळे. जो गुण हा पदार्थ स्वस्तात बनवू देतो, तोच त्याला अस्थिर करतो, आणि संशोधनातील खरी अडचण येथेच आहे.

ही बाब नव्याने उघडकीस आलेली नाही. सीझियम लेड क्लोराइड व ब्रोमाइड हे हॅलाइड आयनांचे वाहक आहेत, हे जपानी संशोधकांनी १९८३ मध्येच दाखवले होते. सौरघटांच्या धावपळीत त्या कामाकडे अनेक वर्षे पुरेसे लक्ष गेले नाही, असे मला वाटते.

कोणते आयन हलतात आणि किती वेगाने?

सर्वांत चपळ हॅलाइड आयन असतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गणनेनुसार मिथाइल अमोनियम लेड आयोडाइडमध्ये आयोडाइडच्या उडीसाठी ०.५८ इलेक्ट्रॉन व्होल्ट (अणूंच्या पातळीवरील ऊर्जेचे एकक), मिथाइल अमोनियमसाठी ०.८४ आणि शिशासाठी २.३१ इलेक्ट्रॉन व्होल्ट इतकी सक्रियण ऊर्जा लागते. म्हणजे शिसे जवळपास स्थिर, सेंद्रिय धन आयन मंद आणि आयोडाइड चालते-फिरते. इतर गटांच्या आकड्यांत मोठी तफावत आहे, आयोडाइडसाठी ०.१ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या जवळचे आकडेही प्रसिद्ध झाले आहेत. नमुन्यातील कणांचा आकार, थर बनवण्याची पद्धत, मोजताना प्रकाश होता की अंधार, आणि गणिताची पद्धत या सर्वांवर आकडा बदलतो. त्यामुळे एखाद्या शोधनिबंधातील सक्रियण ऊर्जा उचलून ती दुसऱ्या घटाला लावणे धोक्याचे आहे.

या आकड्यांचा व्यवहारातील अर्थ उष्णतेकडे पाहिल्यावर स्पष्ट होतो. ०.५८ इलेक्ट्रॉन व्होल्ट धरून गणित केले, तर २५ अंश सेल्सिअसवरून ६५ अंशांवर जाताना आयनांच्या उड्यांचे प्रमाण सुमारे चौदा पट होते. प्रयोगशाळेतील वातानुकूलित खोलीत २५ अंशांवर मोजलेला घट आणि विदर्भातील मे महिन्याच्या दुपारी गच्चीवर तापलेला घट यांच्या आत आयनांचे वागणे इतके वेगळे असते. स्थैर्याचा प्रत्येक दावा कोणत्या तापमानाला केला आहे, हे म्हणूनच सर्वांत आधी पाहावे.

घटाच्या आत ही हालचाल काय घडवते?

पेरोव्स्काइटचा थर साधारण ५०० नॅनोमीटर जाडीचा असतो. त्याच्या दोन बाजूंना इलेक्ट्रॉन गोळा करणारा आणि धनविवर, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या अभावाने तयार झालेला धन प्रभार, गोळा करणारा असे दोन थर असतात. या दोहोंमुळे आतमध्ये सुमारे एका व्होल्टचे विभवांतर तयार होते. एक व्होल्ट ५०० नॅनोमीटरवर पसरला, तर विद्युत क्षेत्र दर मीटरला वीस लाख व्होल्ट इतके भरते. इतक्या क्षेत्रात मोकळे आयन स्वस्थ बसत नाहीत. धन प्रभाराच्या आयोडाइड रिक्ती धनविवर गोळा करणाऱ्या बाजूकडे सरकतात आणि सीमेलगत काही नॅनोमीटर ते दहा-वीस नॅनोमीटरच्या पट्ट्यात दाटतात. परिणामी थराच्या मधल्या भागातील क्षेत्र जवळजवळ नाहीसे होते आणि सगळे विभवांतर दोन कडांना एकवटते.

इलेक्ट्रॉन नॅनोसेकंदांत हा थर पार करतात. आयनांना त्यासाठी मिलिसेकंदांपासून मिनिटांपर्यंत, आणि काही मंद बदलांना तासही, लागतात. एकाच पदार्थात दोन वेगांचे प्रभारवाहक असल्यामुळे या घटाला पूर्वस्थितीची आठवण राहते. तो दहा सेकंदांपूर्वी कोणत्या व्होल्टेजवर होता, त्यावर आत्ताचा प्रवाह अवलंबून राहतो. सिलिकॉनच्या घटाबाबत असा विचार करावा लागत नाही.

हिस्टेरेसिस हा शब्द सारखा ऐकू येतो. तो प्रयोगात कसा दिसतो?

सौर प्रकाशाचे अनुकरण करणाऱ्या दिव्याखाली घट ठेवला आणि व्होल्टेज शून्यापासून हळूहळू वाढवत प्रवाह मोजला की संगणकाच्या पडद्यावर एक वक्र उमटतो. मग तोच घट, तोच दिवा, तीच क्लिप ठेवून व्होल्टेज उलट दिशेने, वरून शून्याकडे आणले, तर दुसरा वक्र पहिल्यावर बसत नाही. तो वर फुगलेला दिसतो आणि त्यातून निघणारी कार्यक्षमता जास्त येते. उदाहरणादाखल एका दिशेने १३ टक्के आणि दुसऱ्या दिशेने १८ टक्के. मोजणीचा वेग बदलला की फरकही बदलतो. पहिल्यांदा हे पाहणारा विद्यार्थी आधी जोडणी तपासतो, मग दिवा तपासतो आणि शेवटी घटाकडे वळतो.

कारण वर सांगितलेल्या आठवणीत आहे. उच्च व्होल्टेजपासून सुरुवात केली, तर सुरुवातीला आतील क्षेत्र क्षीण असते, रिक्ती थरभर पसरलेल्या असतात आणि प्रभार गोळा होण्यास परिस्थिती अनुकूल असते. शून्यापासून सुरुवात केली, तर रिक्ती आधीच कडेला दाटलेल्या असतात आणि मधले क्षेत्र झाकले गेलेले असते. २०१४ मध्ये या विसंगतीकडे संशोधकांनी जाहीरपणे लक्ष वेधले आणि त्यानंतर दोन्ही दिशांचे वक्र देणे, तसेच घट कमाल शक्तीच्या बिंदूवर काही मिनिटे स्थिर ठेवून मिळणारी कार्यक्षमता सांगणे ही चांगली प्रथा रुळली.

म्हणजे हिस्टेरेसिस नसेल तर आयन हलत नाहीत, असे समजावे का?

नाही, आणि हा गैरसमज अजूनही फार आढळतो. २०१६ मध्ये लंडनमधील संशोधकांनी हिस्टेरेसिस न दिसणाऱ्या घटांतही आयन हलत असल्याचे पुरावे दिले. सीमेवरील दोष नीट झाकले असतील, तर आयन कोठेही गेले तरी इलेक्ट्रॉन आणि धनविवर तेथे वाया जात नाहीत आणि दोन्ही वक्र एकमेकांवर बसतात. हालचाल असते, फक्त वक्रावर तिची खूण उमटत नाही. म्हणून दोन्ही दिशांचे वक्र सारखे आले, एवढ्यावरून दीर्घकालीन स्थैर्याचा निष्कर्ष काढता येत नाही.

प्रकाशाचा आयनांवर परिणाम होतो का?

होतो, आणि तो मोठा आहे. जर्मनीतील श्टुटगार्ट येथील संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवले की प्रकाशात मिथाइल अमोनियम लेड आयोडाइडची आयनिक वाहकता अंधारातील वाहकतेच्या शंभर पटींपर्यंत वाढू शकते. सौरघटाला प्रकाशातच काम करायचे असल्याने ही बाब टाळता येणारी नाही.

याहून ठसठशीत उदाहरण मिश्र हॅलाइडचे आहे. आयोडाइड आणि ब्रोमाइड एकत्र घातले की ऊर्जापट्ट्यांमधील अंतर, म्हणजे प्रकाश शोषण्यासाठी लागणारी किमान ऊर्जा, हवे तसे बदलता येते. सिलिकॉनवर बसवायच्या घटासाठी हे अंतर साधारण १.६८ इलेक्ट्रॉन व्होल्ट असावे लागते आणि म्हणून ब्रोमाइड मिसळावाच लागतो. स्टॅनफर्डमधील एरिक होक आणि सहकाऱ्यांनी असे मिश्रण प्रकाशात ठेवले, तेव्हा मिनिटभरातच त्यातून निघणाऱ्या प्रकाशाचा रंग लाल बाजूला सरकला. एकजीव दिसणारा थर आयोडाइडने समृद्ध आणि ब्रोमाइडने समृद्ध अशा भागांत फुटला होता. दिवा बंद केल्यावर काही मिनिटांत मिश्रण पुन्हा एकजीव झाले. दुधात विरजण पडल्यावर ते परत दूध होत नाही, येथे मात्र होते, आणि म्हणूनच हा परिणाम इतका विलक्षण आहे. आज त्याला होक परिणाम म्हणतात.

असे का घडते यावर अजून एकमत नाही. प्रकाशाने तयार झालेले प्रभार आयोडाइडच्या भागात शिरले की त्यांची ऊर्जा घटते, म्हणून पदार्थच तसे भाग तयार करतो, हे एक स्पष्टीकरण आहे. प्रभाराभोवती जाळी ताणली जाते आणि तो ताण विभाजनाला चालना देतो, हे दुसरे. आयोडाइड धनविवर पकडून ऑक्सिडीकृत होतो आणि मग अधिक चपळ होतो, हे तिसरे. मला वाटते ही तिन्ही कारणे वेगवेगळ्या प्रमाणात एकत्र काम करत असावीत. थरातील ब्रोमाइडचे प्रमाण मर्यादित ठेवणे आणि सीझियम वाढवणे हे व्यवहारातील उपाय मात्र सर्वत्र वापरले जातात.

आयनांची हालचाल म्हणजेच घटाचा बिघाड का?

हालचाल आणि बिघाड यांच्यात फरक करणे आवश्यक आहे. आयन कडेला जाऊन दाटले आणि रात्री अंधारात पुन्हा पसरले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी घट बराचसा पूर्ववत होतो. सलग काही दिवस प्रकाशात ठेवलेल्या घटाची घटलेली कार्यक्षमता काही तासांच्या अंधारानंतर भरून येते, असे अनेक गटांनी नोंदवले आहे. काही रचनांत याच्या उलटही घडते: घट रात्रीत उतरतो आणि सकाळच्या उन्हात सावरतो. दोन्ही प्रकारांत नुकसान परत येण्याजोगे असते.

परत न येणारे नुकसान आयन थराच्या बाहेर पडले किंवा बाहेरचे काही आत शिरले की सुरू होते. धनविवर पकडलेला आयोडाइड उदासीन आयोडीन होतो आणि वायूच्या रूपाने निसटतो. मिथाइल अमोनियममधून मिथाइल अमीन आणि हायड्रोजन आयोडाइड सुटतात. आयोडाइड चांदीच्या इलेक्ट्रोडपर्यंत पोहोचला की सिल्व्हर आयोडाइड तयार होते आणि चकचकीत धातू काळवंडतो. सोने तरी सुरक्षित असेल, असे वाटत होते. पण २०१६ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथील प्रयोगांत ७० अंशांवर सोने धनविवर वाहणाऱ्या सेंद्रिय थरातून झिरपून पेरोव्स्काइटमध्ये पोहोचल्याचे दिसले. म्हणजे वाहतूक दुतर्फा आहे. माझ्या मते स्थैर्याचा खरा प्रश्न हा सीमा राखण्याचा आहे: थराच्या आत आयन फिरत राहिले तरी चालू शकते, पण ते सीमा ओलांडून जाता कामा नयेत.

पावसाळ्यात हे घट टिकतील का?

उघडा थर टिकत नाही. पाण्याची वाफ आधी हायड्रेट, म्हणजे पाण्याचे रेणू सामावलेले संयुग, बनवते आणि पुढे मिथाइल अमोनियमचा क्षार निघून गेला की उरते ते पिवळे लेड आयोडाइड. हे डोळ्यांनी दिसते. काचेवरचा काळपट तपकिरी, आरशासारखा थर जुलैच्या दमट हवेत बाकावर तसाच राहिला, तर आधी कडा फिकट होतात, मग काळ्यात पिवळे ठिपके उमटतात आणि ते एकमेकांना मिळत जातात. मधला भाग काळा असेपर्यंत घट थोडाफार प्रवाह देतो, त्यामुळे पाहणाऱ्याची फसगत होते.

बंदिस्त घटाची गोष्ट वेगळी आहे. दोन काचांमध्ये थर ठेवून कडा ब्युटाइल रबराने बंद केल्या, तर ओलावा मोठ्या प्रमाणात रोखता येतो; हे तंत्र काचेच्या इतर सौर पॅनलांत आधीपासून वापरात आहे. ओलावा आणि ऑक्सिजन हे बाहेरचे शत्रू आहेत आणि चांगल्या वेष्टनाने ते बाहेर ठेवता येतात. आयन मात्र वेष्टनाच्या आतच असतात. कोकणातील हवेची चिंता करणाऱ्या वाचकांना मी नेहमी हेच सांगतो की अभियांत्रिकीच्या दृष्टीने पाऊस हा तुलनेने सुटत आलेला प्रश्न आहे. ऊन आणि उष्णता एकत्र येतात तेव्हा आतमध्ये काय होते, तो अजून अर्धा सुटलेला आहे.

उष्णतेने स्फटिकाची रचनाच बदलते, हे खरे का?

खरे आहे. मिथाइल अमोनियम लेड आयोडाइडची रचना सुमारे ५४ ते ५७ अंशांदरम्यान चतुष्कोणीय रूपातून घनाकृती रूपात जाते, आणि उन्हातील पॅनल हे तापमान रोज दोनदा ओलांडते. फॉर्मामिडिनियम लेड आयोडाइडचे काळे, उपयुक्त रूप सुमारे १५० अंशांवर तयार होते, पण सामान्य तापमानाला त्याचा कल पिवळ्या, निरुपयोगी रूपाकडे असतो. सीझियम लेड आयोडाइडचे काळे रूप तर ३०० अंशांच्याही वर स्थिर असते. पोकळीतील आयन फार मोठा किंवा फार लहान असला की जाळी डळमळते, हे १९२६ मध्ये व्हिक्टर गोल्डश्मिट यांनी मांडलेल्या गुणकावरून समजते. म्हणून आज तिन्ही धन आयन मिसळले जातात. २०१६ मध्ये असा त्रि-धनायनी घट २१.१ टक्क्यांवर पोहोचला आणि चालू स्थितीत २५० तासांनंतरही तो सुमारे १८ टक्क्यांवर होता. त्यानंतर बाष्पशील मिथाइल अमोनियम पूर्णपणे वगळून केवळ फॉर्मामिडिनियम व सीझियम वापरण्याकडे कल वाढला आहे आणि मला तो योग्य वाटतो.

पॅनलवर पाण्याच्या टाकीची सावली पडली तर?

मालिकेत जोडलेल्या घटांपैकी एकावर सावली पडली की उरलेले घट त्याच्यातून उलट व्होल्टेज ढकलतात. सिलिकॉनचे घट यात बऱ्यापैकी तग धरतात आणि प्रवाहाला बाजूने वाट देणारा बायपास डायोड त्यांना मदत करतो. पेरोव्स्काइटचे अनेक घट मात्र उलट दिशेच्या एक ते चार व्होल्टमध्येच कोलमडतात, कारण उलट क्षेत्रात आयन एका कडेला इतके दाटतात की प्रभार अडथळ्यातून आरपार जाऊ लागतो; शिवाय आयोडाइड व धातूचा इलेक्ट्रोड यांच्यात रासायनिक क्रिया सुरू होते. दर काही घटांमागे एक डायोड लावणे महाग पडते. सिलिकॉनबरोबरच्या जोडघटात हा धोका बराच कमी होतो, कारण उलट व्होल्टेजचा मोठा भाग खालचा सिलिकॉन घट पेलतो. आपल्याकडील गच्च्यांवर टाक्या, कठडे आणि कपड्यांच्या दोऱ्या असतात. त्यामुळे हा मुद्दा मला कार्यक्षमतेच्या विक्रमांहून महत्त्वाचा वाटतो.

आयनांना आवर घालण्यासाठी काय करतात?

पहिला उपाय रिक्त जागाच कमी करण्याचा आहे. आयन मुख्यत्वे स्फटिककणांच्या सीमांवरून धावतात, हे सूक्ष्म मोजणीतून दिसले आहे. म्हणून मोठे कण वाढवले जातात आणि सीमांवरील दोष रसायनांनी भरले जातात. पोटॅशियमचे क्षार घातले की ते सीमांवर जमून जादा हॅलाइड धरून ठेवतात आणि मिश्र हॅलाइडचे विभाजनही घटते, असे केंब्रिजमधील कामातून २०१८ मध्ये समोर आले.

दुसरा उपाय वर पातळ द्विमितीय पेरोव्स्काइटचा थर देण्याचा आहे. फेनिल इथाइल अमोनियमसारखे लांब धन आयन जाळीचे पदर वेगळे करतात आणि पदरांच्या आडव्या दिशेने आयनांची वाट अडते. २०१७ मध्ये अशा द्विमितीय-त्रिमितीय जोडणीचे, कार्बनचा इलेक्ट्रोड असलेले मॉड्यूल दहा हजार तासांहून अधिक काळ कार्यक्षमता न गमावता चालल्याचा अहवाल आला. यातही एक अडचण आहे: उष्णतेत ते लांब आयन स्वतःच खालच्या थरात सरकतात, म्हणजे पहारेकरीच जागा सोडतो.

तिसरा उपाय सीमेवर भिंत बांधण्याचा आहे. अणूंचे एकेक पदर चढवून बनवलेला कथील ऑक्साइडचा दाट थर, धातूऐवजी पारदर्शक इंडियम टिन ऑक्साइडचा किंवा कार्बनचा इलेक्ट्रोड, आणि सेंद्रिय वाहक थराऐवजी पृष्ठभागाला रासायनिक बंधाने चिकटणारा एका रेणूच्या जाडीचा थर, हे सारे याच हेतूने वापरले जाते. जोडघटात वरचा इलेक्ट्रोड पारदर्शक असावाच लागतो, त्यामुळे तेथे ही भिंत आपोआप मिळते.

या तिघांत माझा भर तिसऱ्यावर आहे. आयोडाइडची उडी पूर्ण थांबवायची तर पदार्थ कडक करावा लागेल आणि मग तो पेरोव्स्काइटचे गुणच गमावेल.

स्थैर्याचा दावा कसा तपासावा?

'हजार तास स्थिर' या वाक्यात जवळजवळ काहीच सांगितलेले नसते. अंधारात, नायट्रोजनमध्ये ठेवलेल्या घटाचे हजार तास आणि ६५ अंशांवर, पूर्ण प्रकाशात, कमाल शक्तीच्या बिंदूवर चालवलेल्या घटाचे हजार तास यांची तुलना होऊ शकत नाही. म्हणून २०२० मध्ये अनेक देशांतील संशोधकांनी मिळून आयएसओएस या चाचणी-संकेतांची पेरोव्स्काइटसाठी सुधारित मांडणी केली. अंधारातील साठवण, प्रकाशातील चाचणी, उघड्यावरील चाचणी आणि तापमानाची आवर्तने हे जुने गट होते. त्यांत अंधारात व्होल्टेज लावून करायची चाचणी, प्रकाश-अंधाराची आवर्तने आणि निष्क्रिय वायूतील चाचणी यांची भर पडली. यांतील पहिली दोन मुख्यत्वे आयनांमुळे आली आहेत, तर तिसरी हवेचा परिणाम वेगळा काढण्यासाठी आहे.

बाजारातील पॅनलांसाठी आयईसी ६१२१५ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात ८५ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेत १,००० तास, तसेच उणे ४० ते अधिक ८५ अंशांची २०० आवर्तने अशा चाचण्या असतात. त्या सिलिकॉनचा अनुभव समोर ठेवून ठरवल्या गेल्या. उष्ण-दमट चाचणी अंधारात होते, तर पेरोव्स्काइटचे खरे दुखणे प्रकाश, उष्णता आणि व्होल्टेज एकत्र आल्यावर उठते. ही चाचणी उत्तीर्ण होणे आवश्यक आहे, पण तेवढ्याने भागत नाही.

वाचताना तापमान, वातावरण, दिव्यात अतिनील किरण होते की नाहीत, घट कोणत्या व्होल्टेजवर ठेवला होता, किती घट तपासले आणि सुरुवातीची झपाट्याची घसरण आकड्यातून वगळली आहे का, एवढे शोधावे. कार्यक्षमता मूळच्या ८० टक्क्यांवर येण्यास लागणारा काळ हा सर्वमान्य मापदंड आहे. पण त्याची सुरुवात कोठून धरली, यावर तो मनासारखा लांबवता येतो.

सौरघटांखेरीज इतर उपकरणांत हा प्रश्न येतो का?

प्रकाश देणाऱ्या डायोडांत तो अधिक तीव्र होतो. २०१४ मध्ये केंब्रिजमध्ये सामान्य तापमानाला चालणारे पेरोव्स्काइटचे डायोड बनले आणि २०१८ पर्यंत त्यांची बाह्य क्वांटम कार्यक्षमता, म्हणजे आत सोडलेल्या दर शंभर इलेक्ट्रॉनांमागे बाहेर पडणाऱ्या प्रकाशकणांचे प्रमाण, २० टक्क्यांपलीकडे गेली. पण तेथे थर अधिक पातळ आणि विद्युत क्षेत्र अधिक तीव्र असल्याने आयुष्य कमी राहते. क्ष-किरण शोधकांत आयनांमुळे अंधारातील प्रवाह हळूहळू सरकत राहतो आणि प्रतिमेची पार्श्वभूमी बिघडते. मेमरिस्टर या स्मृती-घटकांत मात्र हाच दोष कामाला येतो: व्होल्टेजने आयन हलवून रोध बदलायचा आणि तो बदल साठवायचा, हेच तर तेथे हवे असते.

शिशाच्या धोक्याचा स्थैर्याशी संबंध आहे का?

आहे. ५०० नॅनोमीटर जाडीच्या थरात दर चौरस मीटरला साधारण ०.७ ग्रॅम शिसे भरते. प्रमाण कमी असले, तरी थर विघटित झाल्यावर उरणारे लेड आयोडाइड पाण्यात थोडेसे विरघळते, म्हणून काच फुटल्यावर शिसे धरून ठेवणारे थर आणि जुनी पॅनले परत घेण्याची व्यवस्था दोन्ही लागतील. कथील वापरून शिसे टाळता येते, पण कथील हवेत सहज ऑक्सिडीकृत होतो आणि स्थैर्याचा प्रश्न आणखी बिकट होतो.

महाराष्ट्रात यावर काम होते का?

होते. मुंबईच्या आयआयटीमध्ये २०१० पासून राष्ट्रीय प्रकाशविद्युत संशोधन व शिक्षण केंद्र चालते आणि सिलिकॉन-पेरोव्स्काइट जोडघट हा तेथील कामाचा एक भाग आहे. पुण्याच्या आयसर संस्थेत हॅलाइड पेरोव्स्काइटच्या रसायनशास्त्रावर दीर्घकाळ काम झाले आहे. ज्या विद्यार्थ्यांना या विषयात यायचे आहे, त्यांनी केवळ घट बनवायला शिकू नये. घन अवस्थेतील विद्युत्‌रसायन आणि प्रतिबाधा-मापन, म्हणजे वेगवेगळ्या वारंवारितेच्या विद्युत संकेतांनी मंद आयन आणि जलद इलेक्ट्रॉन वेगळे ओळखण्याची पद्धत, मन लावून शिकावी. घट बनवणारे हात पुष्कळ आहेत, आयनांची मोजणी नीट वाचणारे डोळे कमी आहेत.

मग घरासाठी पेरोव्स्काइट पॅनलची वाट पाहावी का?

पाहू नये. ऑक्सफर्ड पीव्ही या कंपनीने २०२४ मध्ये जोडघटांची पहिली व्यापारी पॅनले रवाना केली. त्यांची कार्यक्षमता २४.५ टक्के होती आणि ती मोठ्या वीजप्रकल्पासाठी होती, घरांसाठी नव्हे. सिलिकॉनच्या पॅनलांना आज पंचवीस वर्षांची वीजनिर्मितीची हमी मिळते आणि तिच्यामागे अनेक दशकांच्या उन्हातान्हातील नोंदी आहेत. पेरोव्स्काइटच्या उघड्यावरील नोंदी अजून मोजक्या वर्षांच्या आहेत, आणि त्यांतील बऱ्याच आपल्याहून थंड प्रदेशांतील आहेत. नागपूर किंवा जळगावच्या उन्हाळ्यातील, रात्रीचे सावरणेही मोजलेल्या, सलग काही वर्षांच्या नोंदी हाती आल्या की हा प्रश्न पुन्हा विचारावा.